परक्या बाप्याचं नाव

आमच्या घरात बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा रिवाज होता. तसा तो गावभर होता, पण आमच्या सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, तो पार टोकाला नेला होता. मामंजींचं नाव व्यंकटराव, म्हणून सासूबाई तिरुपतीच्या देवालासुद्धा कधी नावानं हाक मारीत नसत. "त्या डोंगरावरचा देव" म्हणायच्या आणि हात जोडायच्या. अशा घरात माझी थोरली जाऊ कमलबाई चुलीपुढं बसून एका परक्या बाप्याचं नाव तोंडभरून घ्यायची. नरहरराव. दिवसातून किती वेळा ते मी सांगत नाही, पण देवाचं नाव त्याहून कमी घ्यायची एवढं नक्की.

मी सुमन, तिची धाकटी जाऊ. तिच्याबद्दल लिहायचं पुष्कळ वर्षं मनात आहे. लोक विचारतात, त्या बाईत लिहिण्यासारखं काय होतं? खरंच काही नव्हतं. ती गात नव्हती, गळा इतका साधा की आरतीतसुद्धा मागं राहायची. तिला बोलपटातल्या गाण्यांचं वेड होतं, आणि तेही गाणाऱ्यांचं नव्हे, चाली बांधणाऱ्यांचं. आता कुणी म्हणेल त्यात काय एवढं. तर त्यात काय होतं ते ऐका.

झरी हे परभणीच्या वरच्या अंगाला, जिंतूरच्या वाटेवरचं मोठं गाव. राज्य निजामाचं. मामंजी गावचे माली पाटील, सरकारचा सारा गोळा करून द्यायचं काम त्यांच्याकडं. पाटलाच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा तो देवीला जाताना नाहीतर माहेरी जाताना, आणि तोही बैलगाडीला पडदा लावून. पाणी घरी यायचं, बांगड्यावाली घरी यायची, सुईण तर घरी यायचीच. गावातल्या बायका म्हणायच्या, पाटलाच्या सुना लय सुखात हायेत. पिंजऱ्यातल्या राघूलाही डाळ वेळेवर मिळते, असं मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

कमलबाईचं माहेर अकोल्याचं, पैनगंगेच्या पलीकडच्या इंग्रजी मुलखातलं. वडील कापसाच्या एका जिनात कारकून. त्यांचं घर आणि एक थेटर यांच्यामध्ये फक्त एक बोळ होता. पोरीच्या जातीला थेटरात कोण नेणार? लहानपणी तिनं बोलपट एकही पाहिला नाही, पण ऐकले सगळे. बोळात एक पेटीवाले मास्तर येऊन बसायचे. मुक्या चित्रपटांच्या काळी ते पडद्यापुढं पेटी वाजवीत. बोलपट आले आणि त्यांचं काम गेलं. पण माणूस मोठ्या मनाचा. ज्यांनी पोटावर पाय आणला त्यांचीच गाणी भिंतीला टेकून ऐकायचा आणि भोवतीच्या पोरांना सांगायचा, ही चाल अमक्याची, आता ऐका, ध्रुपदावर परत कसा येतो ते. कमलबाईला हे बाळकडू तिथं मिळालं. मग लग्न झालं आणि ती झरीला आली. झरीत थेटर नव्हतं, बोळ होते, पण त्यातून शेळ्या जायच्या.

ती मला सांगायची, "सुमन, गानारी गाती. पन कुठं थांबायचं, कुठं बाजूला व्हायचं अन् सारंगीला पुढं करायचं, हे तिला कोन सांगतंय? त्यो दिसत न्हाई. वाहवा समदी गानारीला."

तिचे आवडते तसे दोघंतिघं होते. लाहोरकडच्या एका खानसाहेबांना ती 'ढोलकवाले' म्हणायची. कलकत्त्याच्या कुणा बाबूंचं सगळंच ओलंचिंब, ऐकताना अंगावर शाल घ्यावीशी वाटते म्हणायची. पण पुण्याचे नरहरराव तांबवेकर म्हणजे तिचं दैवत.

"बाकीचे लय घाई करतेत बघ. ध्रुपद सपलं की अंतरा, अंतरा सपला की ध्रुपद, जसं कुनी मागं लागलंय. नरहरराव बाईला दम घेऊ देतेत. तेवढ्यात बासरी येती, आपलं काम करती अन् जाती. बाईला दम लागतो हे ठाऊक असलेला बाप्या म्या दुसरा न्हाई पाह्यला."

"ह्येला तरी कुठं पाह्यलाय?" मी म्हणायची. ती हसायची. तिचं हसणं फार छान होतं, सगळं तोंड हसायचं.

लढाई सुरू झाली त्या सुमारास कमलबाईचे मालक दिनकरराव हैदराबादेला गेले होते, ते फोनो घेऊन आले. गाण्याची आवड म्हणून नव्हे. मानवतच्या कुणा व्यापाऱ्याकडं होता म्हणून पाटलाकडं हवा. फोनो ठेवला ढाळजेत, म्हणजे दाराला लागून पुरुषमंडळींची बसायची जागा असते तिथं. बायकांनी तिकडं फिरकायचंही नाही. पण ढाळजेच्या भिंतीला लागून धान्याची कोठी होती. फोनोला चावी दिल्याचा आवाज आला की कमलबाईला कोठीत काम निघायचं. सूप हातात घेऊन बसायची, ज्वारी सुपात, पण पाखडायची नाही. पाखडलं तर गाणं कसं ऐकू येणार? त्या दिवसांत आमच्या घरच्या भाकरीत खडे फार लागायचे. दिनकरराव कुरकुरायचे. त्यांना काय ठाऊक, ते खडे त्यांच्याच फोनोतून आलेत!

एक गाणं तबकडीच्या दोन्ही बाजूंना मिळून होतं, अर्धं इकडं अर्धं तिकडं. दिनकरराव एक बाजू लावायचे, तेवढ्यात चहा आला की चहा, मग दुसरीच तबकडी. गाण्याचा उरलेला अर्धा जीव तसाच लटकून राहायचा. कमलबाईला ते सहन होईना. तिनं सटवाजी गड्याला सांगून ठेवलं, म्या खाकरल्याबिगर चहा उचलायचा न्हाई. मग पाहुणे खोळंबून बसत, दिनकरराव वेळ काढायला तबकडी उलटी करत, आणि दुसरी बाजू पुरी झाली की कोठीतून खाकरणं ऐकू येई. पाटलाच्या घरी चहा लय उकळतेत, अशी आमची पंचक्रोशीत ख्याती झाली. त्या चहापायी आम्ही दोघींनी बोलणी खाल्ली, पण मला सांगायला हरकत नाही, झरीतले माझे चांगले दिवस तेच.

मग एकदा परभणीहून नव्या तबकड्या आल्या. दुपारची वेळ, आम्ही दोघी कोठीत. पहिली तबकडी लागली. सुरुवातीची खरखर, मग नुसती बासरी, मग बाईचा आवाज. कमलबाईच्या हातातलं सूप खाली गेलं. तिनं दोन्ही हात छातीशी धरले. डोळे भरले होते.

"अगं माय! सुमन, नरहरराव आले! किती दिसांनी आले गं!"

कोठीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. ज्वारीला आल्या होत्या.

त्यांनी एकदा बाहेरच्या दाराकडं पाहिलं, म्हणजे खरंच कुणी आलंय का. कुणी नव्हतं. मग विचारलं, "कोन हाय ह्यो नरहरराव?"

इथं कमलबाईनं गप्प बसायला हवं होतं. मी पदर ओढला. पण इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी नरहररावांबद्दल विचारलं होतं. तिला वाटलं, आत्याबाईंनाही गोडी लागली.

"पुन्याचे हायेत, आत्याबाई. लय मोठा मानूस. म्या त्येंला ल्हानपनापासून ओळखते."

"कुठं भेटला तुला?"

"भेटले न्हाईत. पाह्यलं बी न्हाई. पन नाव न सांगता बी आले तर ओळखीन म्या."

सासूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. ज्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नाही, तिच्यासमोर तिची सून डोळ्यांत पाणी आणून परक्या बाप्याचं नाव घेत होती, आणि वर सांगत होती की त्याला ती पोरवयापासून ओळखते! झरीतल्या कुठल्याही सासूनं याचा एकच अर्थ लावला असता. मी स्वतः सासू असते तर मीही कदाचित तोच लावला असता.

"नवऱ्याचं नाव घ्यायला जीब झडती अन् ह्येचं बरं येतंय तोंडात," एवढंच म्हणाल्या आणि ज्वारी न घेता गेल्या.

रात्रीच्या जेवणाआधी दिनकररावांना आत बोलावलं. कमलबाईनं सगळं परत सांगितलं, गाण्याची चाल कुणीतरी बांधतो, तो गाणाऱ्याहून वेगळा असतो, हे गाणं त्या माणसानं बांधलंय. दिनकररावांनी ती तबकडी आणली आणि मधल्या गोल कागदावरचं वाचून पाहिलं. गाणारीचं नाव होतं, बोलपटाचं होतं, कंपनीचं होतं. चाल कुणाची ते त्या काळी पुष्कळदा छापतच नसत. त्यांनी तबकडी उलटी केली. तिकडंही नरहरराव नव्हते. तिसरी बाजू तबकडीला नसते.

"हितं तर न्हाई कुनी," ते म्हणाले.

त्यांना संशय आला होता असं मला वाटत नाही. पण आईपुढं बोलायची छाती नव्हती, आणि बायकोची बाजू घेतली तर गाव बायकोचा बैल म्हणणार. हैदराबादेत कुणालाही विचारलं असतं तर एका शब्दात निकाल लागला असता. पण विचारायचं कसं? माझी बायको ज्याचं नाव घेते तो माणूस खरंच आहे का हो, असं विचारून पाटलाच्या पोरानं तोंड कुठं लपवायचं? तेव्हा ते गप्प राहिले. गप्प राहणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. बोलणाऱ्यापेक्षा जास्त येतो.

त्या दिवाळीला कमलबाईचा भाऊ बन्सीधर तिला माहेरी न्यायला आला. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं आणि सरळ विचारलं, तुमच्या गावात नरहरराव कोण? बन्सीधर बिचारा मुलीकडचा माणूस, मान खाली घालूनच घराबाहेर पडलेला. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला वाटलं, काहीतरी भांडण आहे, आपण मध्ये पडू नये. म्हणाला, "असतील कोनी. पन आमच्या घरी त्यांचं येनंजानं नव्हतं."

"म्हंजी हाय!" सासूबाई म्हणाल्या.

बन्सीधर चहा पिऊन एकटाच परत गेला. कमलबाई आतल्या दाराशी बांधलेल्या गाठोड्यावर हात ठेवून उभी होती. गाठोडं सोडायला तिनं पुष्कळ वेळ लावला.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी कमलबाईला हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही, गावात चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली. देवघरात खंडोबापुढं बेलभंडार उचलायचा आणि म्हणायचं, नरहरराव नावाचा कुणी बाप्या नाही, मला ठाऊक नाही. एवढं झालं की विषय संपला, माहेरची वाट मोकळी.

कमलबाई म्हणाली, "आत्याबाई, माझा अन् त्येंचा काई संबंध न्हाई, असा भंडारा आत्ता उचलते. पन त्यो मानूसच न्हाई, असं कसं म्हनू? हाय की त्यो. देवापुढं खोटं बोलू?"

"संबंध न्हाई म्हनतीस, मग नाव कामून सुटंना तुझं?"

खरं सांगायचं तर मलाही ते कळत नव्हतं. ज्याला पाहिलं नाही, ज्याला आपण माहीत नाही, त्याच्यासाठी कुणी माहेर सोडतं का? मी तिला वेडी म्हणायची. ती म्हणायची, "व्हय. पन खोटारडी न्हाई."

कोठीला कुलूप लागलं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. ढाळजेत फोनो वाजायचा, पण स्वयंपाकघरापर्यंत येता येता गाण्याचा नुसता गलका व्हायचा, बाई गाते की बाप्या तेही कळू नये असा. कमलबाई तव्यावरची भाकरी उलटताना क्षणभर थांबायची, मान तिरकी करायची, मग पुन्हा कामाला लागायची. नागपंचमी आली की गावच्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या, त्यांची गाणी भिंतीवरून आत यायची. तिनं कितीतरी पंचम्या तशाच काढल्या. मूलबाळ नव्हतं, त्याचाही ठपका नरहररावांवरच आला. आमचं घर मोठं होतं, अंगण मोठं होतं, पण मला त्या वर्षांत घरात श्वास कोंडल्यासारखं व्हायचं, आणि मी तर तिच्या मानानं मोकळी होते. मला दर वर्षी माहेरी पाठवत. परत आले की ती विचारायची, "गानं ऐकलंस का एकादं?" आमचं माहेर चारठाण्याचं. तिथं मंदिरं होती, गाणी कुठली?

मग एका संक्रांतीनंतर बन्सीधर पुन्हा आला. या वेळी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. आईनं अंथरूण धरलंय म्हणाला. पोटात अन्न ठरत नाही, आणि शुद्धीवर आली की कमल कुठं म्हणून विचारते.

मामंजी बाहेरगावी होते. दिनकरराव ढाळजेत होते, ते तिथंच राहिले. सासूबाईंनी सटवाजीला बैल आणायला सांगितलं आणि कमलबाईला म्हणाल्या, "म्या काई राक्षीन न्हाई. गाडी जुपायला सांगितली बघ. तू भंडारा उचल अन् बस गाडीत."

आणि देवघरातलं भंडाऱ्याचं ताट स्वतः आणून तिच्यापुढं ठेवलं.

कमलबाई ताटापुढं बसली. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या कानात म्हणाले, "म्हना की एकदा. झरीत कोन काय म्हनलं ते पुन्याला कुनाला कळतंय? तिकडं आई वाट बघायलीय." तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडू नव्हतं. विहिरीत उतरणारा माणूस वरच्या माणसाकडं पाहतो तसं तिनं पाहिलं. मग बेलाचं पान आणि भंडारा ओंजळीत घेतला.

"नरहरराव नावाचा कुनी बाप्या न्हाई," ती म्हणाली. "मला ठाऊक न्हाई. त्येचं नाव ह्या तोंडातून निगनार न्हाई."

शेवटचं वाक्य सासूबाईंनी मागितलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःहून घातलं.

आई भेटली तिला. ओळखलं आईनं. कमलबाईनं स्वतःच्या हातानं तिला पेज भरवली, केस विंचरले, आणि आई तिच्या मांडीवर गेली. हे सगळं तिनं परत आल्यावर मला सांगितलं, समाधानानं सांगितलं. थेटर तिथंच होतं का, असं मी विचारलं. म्हणाली, "असंल. संध्याकाळी बोळाकडची खिडकी लावून घेत व्हते म्या. आईला वारं लागायचं."

सासूबाई शब्दाला पक्क्या. सून परत आली त्याच दिवशी त्यांनी कोठीची किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ऐक बाई काय ऐकायचं ते. माझं काई म्हननं न्हाई." फोनो लागला. कमलबाई कोठीत गेली, सूप घेतलं आणि पाखडायला लागली. असं पाखडायची की भिंतीपलीकडच्यांना गाणं ऐकू येऊ नये. भाकरीतले खडे गेले. दिनकरराव खूश झाले. मी एकदा न राहवून विचारलं, "जाऊबाई, ही चाल कुनाची वो?" ती म्हणाली, "चाल कुनाची असती का कधी? गानं हाय गानं." मी कोठीतून उठून गेले आणि अंगणात येऊन रडले. तिला घरातून कुठंच जाता येत नव्हतं तेव्हा जायला एक जागा होती. तीही आता तिनं आतून लावून घेतली होती.

पुढं रझाकारांचे दिवस आले. आसपासची गावं रिकामी व्हायला लागली. ज्यांना जमलं ते हद्दीपलीकडं गेले. मामंजींनी दागिने, सोवळ्यातले देव आणि आम्हा बायकांना गाड्यांत घातलं आणि जिंतूरवरून आडवाटेनं पैनगंगा ओलांडून वाशिमला आणलं. फोनो झरीतच राहिला. वाशिमला एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. पाणी चौकातून आणावं लागायचं, भाजी बाजारातून. आमचा पडदा नदीच्या अलीकडंच राहिला होता. पाटलाच्या सुना हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि कुणाला काही वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं. सासूबाई मात्र पार बावरून गेल्या. दिवसभर उंबऱ्यावर बसून डाळ निवडायच्या आणि रस्त्याकडं पाहायच्या.

त्या गावात तंबूतला सिनेमा आला होता. जाहिरातीची बैलगाडी गल्लीगल्लीतून फिरायची. मागं ताशा, आणि एक माणूस भोंग्यातून ओरडायचा. एक दिवस गाडी आमच्या गल्लीत आली. भोंगेवाल्यानं बोलपटाचं नाव घेतलं, नटीचं घेतलं, आणि मग आवाज चढवून म्हणाला, "आणि संगीत, नरहरराव तांबवेकर!"

मी खिडकीत होते. सासूबाईंच्या हातातलं ताट मी तिरकं होताना पाहिलं. त्या उठल्या, गल्लीत उतरल्या आणि बैलांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबली.

"काय म्हनलास? कोन?"

"नरहरराव, आजी. माईत नाही का तुमाले? साऱ्या चाली त्याइच्याच हायेत. पुन्याचे हायेत ना ते."

"म्हंजी चाली बांधतो त्यो? त्येचं त्येच काम?"

"तेच त्याइचं काम, आजी. बाजूले व्हा आता."

सासूबाई आत आल्या. कमलबाई चुलीपुढं पीठ मळत होती. भोंगा तिनंही ऐकला असणार, खोल्या दोनच होत्या. सासूबाई तिच्यासमोर खाली बसल्या. आजवर ते नाव त्यांनी फक्त ठपका ठेवायलाच घेतलं होतं.

"सूनबाई, हाय गं त्यो," त्या म्हणाल्या. "खरंच हाय. नरहरराव."

कमलबाईचा हात पिठात होता. तिनं वर पाहिलं नाही.

"मला न्हाई ठाऊक, आत्याबाई."

"अगं, आत्ता भोंग्यातून सांगून गेला! चाली बांधतो. तू म्हनत व्हतीस तसंच. तू खरी व्हतीस."

"मला न्हाई ठाऊक."

"म्या घातली व्हती ती आन. म्याच सोडते." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. लहान पोरं शपथ सोडवतात तशा म्हणायला लागल्या, "सुटली. सुटली म्हनते न्हवं? सुटली!"

कमलबाईनं हळूच हात सोडवून घेतला. सासूबाईंच्या बोटांना लागलेलं पीठ आपल्या पदरानं पुसलं.

"तुमी घातली, पन उचलला म्या," ती म्हणाली. "देवापुढं त्यो न्हाई म्हनले, त्येच्या बदल्यात आई भेटली. आता हाय म्हनलं तर देव म्हनंल, आईची भेट दे परत. कुठून देऊ?"

सासूबाई रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण मोठा होता. पण त्या वेळी मला राग आला तो कमलबाईचा. दार उघडलंय, ये की बाहेर! असं तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं. ती पुन्हा पीठ मळायला लागली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी हट्ट धरला, सिनेमाला जायचं. तिघी जाऊ म्हणाल्या. कमलबाई म्हणाली, तुमी दोघी जा, मानसं जेवायला यायचीत. किती विनवलं तरी उठली नाही. शेवटी मी आणि सासूबाई गेलो. तंबूत बायकांची बाजू कनातीनं वेगळी केलेली होती. जमिनीवर बसलो. पडद्यावर माणसं हलायला लागली तशा सासूबाई घाबरून मला चिकटल्या. मग गाणं सुरू झालं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मन लावून ऐकायला लागल्या, पोथी ऐकावी तसं. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "काय हाय गं ह्यात? सांग की मला. काय दिसत व्हतं तिला?"

मला सांगता येईना. जाऊबाईनं सांगितलेलं सगळं पाठ होतं, पण ते ह्या गाण्यात नेमकं कुठं आहे ते मला सापडत नव्हतं. ते दाखवणारी खोलीवर भाकरी करत बसली होती.